बागेतल्या बिननावाच्या माणसासाठी: महापालिकांच्या उद्यान विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक आणि उद्यान विभागातील सर्व अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका

प्रत माहितीसाठी: कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय: सार्वजनिक उद्यानांत त्या त्या जागेसाठी घडवलेली मानवाकृती शिल्पे

सप्रेम नमस्कार.

मी शिल्पकार आहे. मातीकाम शिकवतो आणि सिमेंट, दगड, ब्राँझ यांत काम करतो. आपल्याकडे एक मागणी घेऊन आलो आहे, ती आधीच सांगतो. प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीतल्या निदान एका उद्यानात, त्याच जागेसाठी घडवलेलं साध्या, बिननावाच्या माणसाचं शिल्प उभं करावं. ते घडवणाऱ्या शिल्पकाराला झाडांचा आणि पायवाटांचा आराखडा आखला जात असतानाच बोलवावं. सगळं बांधून झाल्यावर ‘आता मधल्या गोलात काहीतरी बसवा’ असं सांगण्याची वेळ येऊ नये.

मागणी साधी आहे, पण तिच्यामागचं कारण थोडं विस्ताराने मांडावं लागेल.

आपल्या शहरांतल्या बागांमध्ये माणसाची आकृती बहुतेक दोनच रूपांत भेटते. एक म्हणजे थोर व्यक्तीचा पुतळा. त्याला उंच चौथरा असतो, कोनशिला असते, जयंती-पुण्यतिथीला हार असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याचं काम वेगळं आहे. दुसरं रूप म्हणजे सुशोभीकरणाच्या निविदेतून आलेला फायबरचा संच: बैलजोडीसह शेतकरी, डोक्यावर घागर घेतलेली बाई, योगासनं करणारी मंडळी, पुस्तक वाचणारी मुलं. राष्ट्रपुरुषांच्या पुतळ्यांसाठी राज्य शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. या दुसऱ्या प्रकारच्या आकृत्या मात्र पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि दिव्यांच्या खांबांबरोबर एकाच अंदाजपत्रकात येतात. त्यांना कुणी मातीत पाहिलेलं नसतं. त्या ज्या जागी उभ्या राहणार, ती जागा घडवणाऱ्याने पाहिलेली नसते.

एका मध्यम शहरातल्या बागेत मी असा एक संच बराच वेळ न्याहाळला. शेतकरी, त्याची बायको आणि मूल. खांबावर चढवतात तसल्या चकचकीत फरशीचा चौथरा, भोवती साखळीचा कठडा, समोर जमिनीत पुरलेला दिवा. शेतकऱ्याच्या उजव्या दंडावर रंगाची पापडी सुटली होती आणि आतली काचतंतूंची जाळी दिसत होती. पावलं चौथऱ्याला जिथे टेकतात तिथे चार बोल्ट होते, त्यांच्या गंजाचे ओघळ फरशीवर उतरले होते. बाईचा चेहरा नेमका उत्तरेकडे होता, म्हणजे हिवाळाभर त्याच्यावर थेट ऊन पडणार नव्हतं. आणि हातभर अंतरावर लावलेली सप्तपर्णी आता एवढी वाढली होती की मुलाचं डोकं पूर्ण फांदीत गेलं होतं. झाड चांगलं होतं. माळ्याने ते निगुतीने वाढवलं होतं. शिल्प बसवणाऱ्याने झाडाचा विचार केला नव्हता आणि झाड लावणाऱ्याला शिल्प येणार हे कुणी सांगितलं नव्हतं. दोघांनीही आपापलं काम नेमून दिल्याप्रमाणे केलं होतं. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारं मात्र कुणी नव्हतं. माझं पत्र त्या गाठीसाठी आहे.

उघड्यावरचं शिल्प म्हणजे दालनातलं शिल्प बाहेर आणून ठेवणं नव्हे, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या मोठ्या कामात कळतं. खोलीत भरदार वाटणारी पूर्णाकृती मैदानात गेली की खुजी दिसते. आकाश तिला खाऊन टाकतं. म्हणून बाहेरच्या कामाला सव्वापट, दीडपट माप घ्यावं लागतं. पण ते किती, हे मागे काय आहे त्यावर ठरतं. मागे दाट वड असेल तर एक माप, उघडी टेकडी असेल तर दुसरं. आपल्याकडचं ऊनही युरोपातल्यासारखं तिरपं नसतं. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी, हनुवटीखालचा भाग, छातीखालची पोकळी सगळं काळं पडतं. जो शिल्पकार हे ध्यानात घेतो तो भुवई थोडी मागे घेतो, चेहरा वर उचलतो, खांद्याच्या उतारावर ऊन झेलायला जागा ठेवतो.

मग पाऊस. सिमेंटवर दोन पावसाळ्यांत शेवाळाची हिरवट-काळी पुटं चढतात. ती कुठून ओघळतील हे घडीवरून आधीच ठरवता येतं, म्हणजे तो डाग न वाटता पदराची सावली वाटते. बोअरच्या पाण्याचे स्प्रिंकलर रोज शिल्पावर उडत राहिले तर क्षारांचे पांढरे थर बसतात, ते दगडावरूनही निघता निघत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा ब्राँझवर राहिली तर ती पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा रंगीत थर, खाते. वर्षातून एकदा धुऊन मेण चढवलं तर तेच ब्राँझ शंभर वर्षं टिकतं. वड-पिंपळाची मुळं चौथरा उचलतात. या सगळ्या गोष्टी आपल्या खात्यातल्या माळ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठल्या वाटेने माणसं हिरवळ तुडवत जातात, कुठल्या झाडाखाली दुपारी म्हातारी माणसं बसतात, हे त्यांना विचारल्याशिवाय बागेतलं शिल्प सुरूच करू नये असं मला वाटतं.

हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच देशात हे झालेलं आहे.

शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३५ मध्ये ‘सुजाता’ केली. निलगिरीच्या झाडांत उभी असलेली एक उंच, सडपातळ बाई, डोक्यावर खिरीचं पात्र. तिचं शरीर त्या सरळसोट खोडांच्या जातीचं आहे. थोडं लांबून पाहिलं तर झाडांमधून कुणी चालत येतंय असं वाटतं. पात्राची सूचना त्यांचे गुरू, चित्रकार नंदलाल बोस यांची. सुजाता म्हणजे बुद्धाला खीर देणारी बाई. जवळच बुद्धाची मूर्ती होती, तिच्याशी या आकृतीचं नातं जुळावं म्हणून. एका शिल्पाने झाडांशी बोलायचं आणि शेजारच्या मूर्तीशीही, एवढा विचार त्या एका पात्रात आहे. आवार अशाच कामांनी भरून टाक, असं रवींद्रनाथांनी रामकिंकरांना सांगितल्याची आठवण सांगितली जाते. पुढे १९३८ मध्ये ‘संथाळ कुटुंब’ आलं. कावडीच्या एका पारड्यात मूल, सोबत बाई, पायाशी कुत्रा, सगळे वाटचाल करताहेत. ब्राँझला पैसे नव्हते म्हणून रामकिंकरांनी सिमेंटमध्ये तिथलाच तांबडा, जांभ्याचा खडा मिसळला. त्यामुळे त्या कुटुंबाची कातडी वीरभूमच्या जमिनीची झाली. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जांभ्याच्या भूमीवर जांभ्याचं शिल्प कसं बसतं हे तो रोजच्या गडग्यातून जाणतो. कुणा राजाचं, कुणा पुढाऱ्याचं नसलेलं, कामावर निघालेल्या साध्या माणसांचं हे काम. भारतातल्या आधुनिक सार्वजनिक शिल्पाचा प्रारंभ अनेक जाणकार तिथून मानतात.

दुसरं उदाहरण केरळातलं, आणि ते माझ्या फार जवळचं आहे. पालक्काडजवळ मलमपुळा धरण आहे, १९५५ मध्ये पुरं झालेलं. धरणाखाली उद्यान आहे, पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानासारखंच पाटबंधाऱ्यांच्या कामातून उभं राहिलेलं. तिथे कानाई कुन्हिरामन या तरुण शिल्पकाराने १९६९ मध्ये ‘यक्षी’ पूर्ण केली. सुमारे तीस फूट उंचीची, काँक्रीटची, बसलेली विवस्त्र स्त्री. पाय पसरलेले, दोन्ही हात केसांत, मान मागे टाकलेली. चौथरा नाही. ती जमिनीवर बसली आहे, पाय गवतात आहेत. सभोवार सह्याद्रीचेच डोंगर आहेत आणि तिच्या गुडघ्यांचे, खांद्यांचे, छातीचे उंचवटे त्या डोंगररांगेच्या चालीने जातात. जवळ गेलं की काँक्रीटवर हाताने चढवलेल्या थरांच्या खुणा दिसतात. ते काम यंत्राने गुळगुळीत केलेलं नाही. तीस फुटांची ती बाई राक्षसी वाटत नाही, याचं कारण डोंगर आहेत. तीच आकृती एखाद्या चौकात, दोन इमारतींच्या मध्ये उभी केली असती तर तिच्याकडे मान वर करून पाहणं असह्य झालं असतं.

तिला त्या वेळी विरोध झाला. नग्नतेवरून बरंच काही बोललं गेलं. पन्नासहून अधिक वर्षं झाली, सहलीला आलेली कुटुंबं तिच्यासमोर फोटो काढतात. काळ बदलला म्हणून असं झालं, एवढंच उत्तर मला पुरत नाही. ती त्या जागेची झाली आणि जागेने तिला सांभाळलं, हे मला अधिक खरं वाटतं.

धरणाच्या बागेवरून आठवलं. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी मध्य प्रदेशातल्या गांधीसागर धरणावर चंबळ नदीचं पंचेचाळीस फुटी शिल्प काँक्रीटमधून जागेवरच घडवलं. माता चंबळ आणि तिची दोन मुलं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. पुढे त्यांचं नाव अतिशय उंच पुतळ्यांसाठी गाजलं. मला मात्र नदीकाठी नदीचीच आकृती घडवणारा तो तरुण सुतार फार मोठा वाटतो. आपल्या जायकवाडी, कोयना, भंडारदरा, उजनी या काठांवर अशी एखादी आकृती का नसावी, हा प्रश्न जलसंपदा विभागानेही मनावर घ्यावा.

जागेशी जुळलेलं शिल्प शेजारच्या एका चुकीने कसं मुकं होतं, हेही केरळातच दिसलं. तिरुवनंतपुरमच्या शंखुमुखम किनाऱ्यावर कुन्हिरामन यांचीच ‘सागरकन्यका’ पहुडली आहे, सत्त्याऐंशी फूट लांब. समुद्र, वाळू, मावळतं ऊन आणि ती आडवी आकृती, एवढंच तिथे असायचं. २०२० मध्ये पर्यटनाचं आकर्षण म्हणून तिच्या शेजारी निवृत्त झालेलं एक लष्करी हेलिकॉप्टर आणून मांडलं गेलं. शिल्पकाराने जाहीर हरकत घेतली. हेलिकॉप्टरवर कुणाचा राग नाही, त्याला दुसरीकडे कुठेही जागा मिळाली असती. पण आडव्या रेषेवर बेतलेल्या कामाच्या उशाला पंख्याची पाती आली की ते काम संपतं. आपल्या बागांतही हेच होतं. एखादं बरं शिल्प असतंच, आणि मग त्याच्या पाठीला उघड्या व्यायामशाळेची निळी-पिवळी यंत्रं येतात, समोर ‘आय लव्ह’ असं लिहिलेली अक्षरं येतात, बाजूला पाण्याच्या टाकीचा खांब येतो. शिल्प बसवण्याइतकंच त्याच्या भोवतीचं मोकळं राखणं महत्त्वाचं आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

परदेशातली दोनच उदाहरणं देतो.

शिकागोत ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला पोलिश शिल्पकार मागदालेना अबाकानोविच यांच्या एकशे सहा लोखंडी आकृत्या २००६ पासून उभ्या आहेत. प्रत्येक सुमारे नऊ फूट. डोकी नाहीत, हात नाहीत, आतून पोकळ. त्यांची त्वचा झाडाच्या सालीसारखी सुरकुतलेली आणि गंजाने तांबूस झालेली आहे. चौथरा नाही, कठडा नाही. माणसं त्यांच्या गर्दीतून चालत जातात आणि काही क्षण त्या गर्दीतलीच एक होतात. तो प्रदेश आपल्या अनेक मराठी कुटुंबांचा नेहमीचा आहे, तिथे राहणाऱ्यांनी हिवाळ्यात एकदा मुद्दाम जाऊन पाहावं. भोवतालची झाडं निष्पर्ण झालेली असतात आणि खोडं कुठली, माणसं कुठली ते पटकन कळत नाही.

ऑस्लोचं फ्रॉग्नर उद्यान जुनं आहे, पण त्याचं उदाहरण प्रशासनासाठी आजही ताजं आहे. १९२१ मध्ये ऑस्लो नगरपालिकेने गुस्ताव विगेलँड या शिल्पकाराशी करार केला. पालिका त्याला कामाची जागा आणि घर बांधून देईल, तो आपलं सगळं काम शहराला देईल. त्यातून दोनशेहून अधिक शिल्पं असलेलं उद्यान उभं राहिलं. वाटा, पूल, लोखंडी दारं, सगळ्याची आखणी त्यानेच केली. त्यातल्या एकाही आकृतीला नाव नाही. बाप मुलांना उचलतो आहे, दोन म्हाताऱ्या बसल्या आहेत, एक लहान मुलगा पाय आपटून रडतो आहे. त्या रागावलेल्या मुलाचा हात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी धरून धरून सोन्यासारखा झाला आहे. मधला एकाच दगडातला स्तंभ, एकशे एकवीस मानवी देहांचा, कोरायला तीन पाथरवटांना सुमारे चौदा वर्षं लागली. विगेलँड १९४३ मध्ये गेला तेव्हा उद्यान पुरं झालेलं नव्हतं, पालिकेने ते पुढे पुरं केलं. एवढा पैसा आपल्याकडे नसेल. पण ‘आधी शिल्पकार, मग आराखडा’ हा क्रम लावायला फार पैसा लागत नाही.

आणि एवढं लांब जायचीही गरज नाही. अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांचं घर आहे, आता ते शिल्पालय आहे. १८९१ ते १९६७ हा त्यांचा काळ. पुण्यातला १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण सासवण्याच्या अंगणात त्यांनी कुणाची मागणी नसताना जे केलं, त्यात गावच्या साध्या बाया आहेत, आणि एक म्हैस आहे, सिमेंटची, खऱ्या मापाची. सासवण्याच्या झाडांच्या सावलीत ती बसली आहे आणि आत्ता उठेल असं वाटतं. आमच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की देवाधर्माच्या आणि राजेरजवाड्यांच्या मूर्ती नंतर पाहा, आधी ती म्हैस पाहून या. त्या अंगणात शिल्पं आणि झाडं एकाच माणसाच्या देखरेखीत वाढली, हे तिथे पाऊल टाकताच समजतं.

त्याहून जुनं म्हणाल तर आपल्या गावांच्या वेशीवरचे वीरगळ. वडाखाली, पाराशेजारी, अर्धे मातीत रुतलेले. तीन-चार थरांत कोरलेला लढणारा माणूस, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंग आणि चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही. तो कोण होता हे गावाला ठाऊक नाही, तरी त्याला शेंदूर लागतो, पोळ्याला त्याच्यापुढे बैल येतो. नाव नसलेल्या माणसाची आकृती उघड्यावर, झाडाखाली, लोकांच्या वाटेवर ठेवायची रीत आपल्याकडे शेकडो वर्षांची आहे. ती शहरांच्या बागांत शिरताना हरवली. तिथे आधी इंग्रजांचे पुतळे आले, मग आपल्या थोरांचे. मुंबईची राणीची बाग पाहा. फोर्टातला मूळ काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये हलवला गेला आणि शहरातल्या इतर हलवलेल्या पुतळ्यांसोबत तिथे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आला. घारापुरीचा दगडी हत्तीही तिथेच आहे, तोही दुसरीकडचा. या वस्तू जपल्या गेल्या हे फार चांगलं झालं. पण बाग म्हणजे इतरत्र नको झालेल्या वस्तू ठेवायची जागा, हा समज मात्र तेव्हापासून आपल्या प्रशासनात रुजून राहिला असावा.

आता आपण घ्याल त्या हरकतींकडे येतो. त्या खोट्या नाहीत.

पहिली हरकत चोरीची आणि तोडफोडीची. ब्राँझ भंगारात जातं, हे खरं आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लेनकिलनच्या माळावर इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांची ‘किंग अँड क्वीन’ ही जोडी उघड्यावर बसवलेली होती. १९९५ मध्ये तिची डोकी कापून नेली गेली, आणि २०१३ मध्ये तिथलंच मूर यांचं दुसरं एक उभं शिल्प चोरीला गेलं. पण काँक्रीट, जांभा आणि आपला काळा बसाल्ट यांना भंगारात मोल नाही. रामकिंकर आणि कुन्हिरामन या दोघांची मोठी कामं काँक्रीटमध्ये आहेत, हे आपल्या अंदाजपत्रकालाही सोयीचं आहे. आणि जिथे दिवसभर माणसं बसतात तिथे शिल्पाला धोका कमी असतो. कठड्याने आणि साखळीने शिल्प वाचत नाही, उलट ते लोकांपासून तुटतं.

दुसरी हरकत भावना दुखावण्याची. मला वाटतं, इथे बिननावाचा माणूस आपल्याला मदतच करतो. तो कुणाच्या जातीचा, पक्षाचा, घराण्याचा नसतो. त्याच्या उंचीवरून, दिशेवरून, हाती काय दाखवलं यावरून मोर्चा निघत नाही. नग्न आकृतीचा आग्रह मी धरत नाही. नऊवारीचा काष्टा, खांद्यावरचं धोतराचं टोक, मिलच्या पाळीवरून परतणाऱ्याचा ढगळ सदरा, हमालाच्या डोक्यावरची चुंबळ यांत शिल्पकाराला करायला भरपूर आहे. कापूस, ऊस, मिठागरं, गिरण्या यांवर जगलेल्या या राज्याकडे अशा माणसांची काय कमी!

तिसरी हरकत नियमांची. शिल्पासाठी सर्वांत कमी दराची निविदा हा मार्गच चुकीचा आहे. कमी दर म्हणजे पातळ फायबर, आतली सळई कमी, पायाचं काम उथळ. उघड्यावरच्या शिल्पाच्या पोटात काय आहे, यावर त्याचं आयुष्य ठरतं. मालवणात राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला त्याचं दुःख झालं. समुद्राचा वारा आणि खारी हवा प्रत्येक जोडाची परीक्षा घेते, याची चर्चा तेव्हा घराघरांत झाली. ती चर्चा बागेतल्या लहान शिल्पांपर्यंत यायला हवी. निवड करताना निमंत्रित शिल्पकारांकडून जागा पाहून केलेले मातीचे नमुने मागवावेत, त्यांचा मेहनताना द्यावा आणि निवड समितीत शिल्पकाराबरोबर अभियंता आणि बागेचा मुख्य माळी असावा.

नमुना पसंत पडल्यावर आणखी एक गोष्ट करून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बांबू आणि किंतानाचा पूर्ण मापाचा सांगाडा त्या जागी उभा करावा. आपल्याकडे गणपतीचे मंडपवाले हे काम एका दिवसात करतात. तो सांगाडा दोन-तीन आठवडे तसाच ठेवावा. सकाळी फिरायला येणारे काय म्हणतात, मुलं त्याच्याभोवती कशी खेळतात, संध्याकाळच्या उन्हात तो कसा दिसतो ते पाहावं. माप वाढवायचं की कमी करायचं, पाच पावलं डावीकडे सरकवायचं की झाडाच्या पुढे आणायचं, हे त्या दिवसांत ठरेल. काँक्रीट ओतल्यावर ते ठरवता येत नाही. लोकांनाही शिल्प अचानक डोक्यावर येऊन आदळल्यासारखं वाटणार नाही, त्यांचं मत त्यात मिसळलेलं असेल.

आपल्या खात्याला ही सबुरी जमत नाही असं मी मानत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून प्रेरणा घेऊन ते महापालिकेने केलं. तिथे प्रत्येक दगड कुठे ठेवायचा, पाणी कुठून वळवायचं, उंचवटा किती ठेवायचा याचा विचार झालेला दिसतो, आणि लोक तो विचार पायांनी अनुभवतात. एका दगडासाठी ज्यांनी एवढं केलं ते माणसाच्या आकृतीसाठीही करू शकतील. मुंबईतल्या कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूटही आठवतो. पिढ्यान्पिढ्या मुलं त्याच्या आत शिरून वर जाऊन डोकावली म्हणून तो मुंबईकरांच्या मनात राहिला. माणसाच्या शिल्पालाही एक मांडी अशी असावी, जिच्यावर मूल बसू शकेल. शिल्पकाराला हे आधी सांगितलं तर तो तशी मांडी करतो, तिथली धार बोथट करतो, पाणी साचू नये म्हणून उतार देतो.

राहता राहिली देखभाल. शिल्पाच्या खर्चातला एक ठरलेला हिस्सा पहिल्या दिवसापासून त्याच्या निगेसाठी वेगळा काढून ठेवावा. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुणं, सांध्यांतल्या भेगा पाहणं, ब्राँझ असेल तर मेण, हे काम शिकवलेला माळी करू शकतो. ऑईलपेंटचा हात मात्र कुणीही मारू नये. दरवर्षी राज्यात कितीतरी शिल्पांवर स्वातंत्र्यदिनाच्या आधी सोनेरी किंवा चॉकलेटी रंग चढतो आणि बोटांमधल्या, केसांमधल्या सगळ्या घडी बुजतात. बुजलेली घडी पुन्हा मोकळी करायला छिन्नी लागते, आणि छिन्नीने मूळ काम जातं.

शिल्पकार कुठून आणायचे, असं कुणी विचारलं तर सर ज. जी. पासून कोल्हापूरपर्यंत कलाशाळांमधून शिल्पकलेची मुलं दरवर्षी बाहेर पडतात. ती माणूस उत्तम घडवतात. त्यांच्या हातची कित्येक चांगली कामं वार्षिक प्रदर्शनानंतर साच्यासकट फोडली जातात, कारण ठेवायला जागा नसते. त्यांतली पुष्कळ मुलं पुढे देखावे आणि फायबरच्या ऑर्डरी करून पोट भरतात. त्यांना सहा महिने एखाद्या बागेत राहून काम करायची संधी द्या. माळ्यांच्या खोलीशेजारी पत्र्याची शेड, पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि जगण्यापुरतं मानधन एवढं पुरे आहे. लोकांनी येता-जाता काम होताना पाहावं, प्रश्न विचारावेत, मुलांनी मातीत हात घालावा. बागेत येणाऱ्यांना शिल्पाविषयी आपुलकी निर्माण करायचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

म्हणून येत्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू होईल तेव्हा उद्यान विभागाच्या मागण्यांत ‘जागेसाठी घडवलेले शिल्प’ असं एक वेगळं शीर्ष घालावं, त्याची रक्कम सुशोभीकरणापासून वेगळी ठेवावी आणि पहिल्या वर्षी एकच बाग, एकच आकृती एवढंच उद्दिष्ट धरावं, अशी विनंती करतो. कुठल्याही महापालिकेने जागा पाहण्यासाठी बोलावलं तर मी आणि माझे काही सहकारी बिनमोबदला येऊ. येताना मापाची टेप, बांबू आणि सुतळी आम्ही आणू. आपण मुख्य माळ्याला आणि झाडांच्या नकाशाला बरोबर घ्यावं.

कळावे.

आपला,
मातीकाम शिकवणारा एक शिल्पकार
पुणे